यंत्राला शाळेत घालू पाहणारा गणिती : अ‍ॅलन ट्यूरिंग

कृत्रिम बुद्धिमत्ता, अल्गोरिदम, मशीन लर्निंग, चॅटबॉट हे शब्द हल्ली मुलांच्या तोंडी सर्रास ऐकू येतात. आईवडील ऐकून गप्प बसतात. आजी-आजोबांना तर ही कुठली भाषा तेच समजत नाही. पण या शब्दांमागच्या पुष्कळ कल्पना एका माणसाने मांडल्या होत्या. त्याची हकीकत कळली की शब्द बरेचसे उलगडतात.

अ‍ॅलन मॅथिसन ट्यूरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन येथे झाला. वडील मद्रास इलाख्यात सरकारी अधिकारी होते, तर आईचे वडील मद्रास रेल्वेत इंजिनियर. नोकरी हिंदुस्थानात असल्यामुळे अ‍ॅलन आणि त्याचा थोरला भाऊ जॉन यांना इंग्लंडमध्ये एका निवृत्त लष्करी कुटुंबाकडे ठेवले गेले. आईबाप समुद्राच्या एका तीरावर आणि लेकरू दुसऱ्या, ही ताटातूट काय असते ते आपल्या बेटावरच्या घरांना सांगायला नको.

शाळेत हा मुलगा शिक्षकांना फारसा आवडला नाही. अक्षर वाईट, वही डागाळलेली, आणि गोडी फक्त गणित-विज्ञानाची. १९२६ साली शेरबर्नच्या शाळेत रुजू व्हायच्या दिवशीच देशभर संप होता. गाड्या बंद, म्हणून तेरा वर्षांचा अ‍ॅलन सायकलवर सुमारे ६० मैल तुडवीत गेला. असा विद्यार्थी वर्गात असूनही मुख्याध्यापकांना तो ओळखता आला नाही, याचे आम्हा शिक्षकांनी नवल करू नये. आमच्याही हातून असे अनेक सुटले असतील.

पुढे केंब्रिजला शिकून १९३६ साली, चोविसाव्या वर्षी, त्यांनी एक निबंध लिहिला. गणिताचे कोणतेही विधान सिद्ध होते की नाही हे ठरवणारी एखादी हमखास रीत असू शकते काय, असा त्या काळचा प्रश्न होता. त्यासाठी आधी ‘रीत’ म्हणजे काय ते ठरवायला हवे. ट्यूरिंग यांनी एक काल्पनिक यंत्र मांडले. चौकटी आखलेली न संपणारी कागदी पट्टी. यंत्र एका वेळी एक चौकट वाचते, खूण लिहिते किंवा पुसते आणि एक घर सरकते. बस्स, एवढेच. अशा ठरलेल्या पायऱ्यांनी काम तडीस नेण्याची रीत म्हणजे अल्गोरिदम. दालपुरीची कृती किंवा चौथीतला लांब भागाकार हाही त्याच जातीचा. तीच रीत यंत्राला कळेल अशी लिहिली की तिला प्रोग्राम म्हणतात. एका यंत्राचे नियम दुसऱ्या यंत्राच्या पट्टीवर लिहिता येतात, म्हणून सर्व कामांना एकच यंत्र पुरते, हेही त्यांनी दाखवले. आपल्या खिशातला फोन म्हणजे तेच. आणि काही प्रश्न कोणत्याही रीतीने सुटणार नाहीत, हेही त्याच निबंधात सिद्ध केले.

दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे जर्मनांच्या ‘एनिग्मा’ यंत्राचे गुप्त संदेश उलगडण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ते काम कित्येक वर्षे गुपितच राहिले.

१९४८ साली त्यांनी आपल्या संस्थेला एक अहवाल दिला. त्यात मज्जापेशींसारख्या साध्या घटकांचे जाळे होते. त्यातले जोड सरावाने बदलत जातील आणि जाळे शिकेल, अशी कल्पना. आज न्यूरल नेटवर्क म्हणतात त्याचा हा एक पूर्वज. संचालकांना तो शाळकरी पोराचा निबंध वाटला! त्यांच्या हयातीत तो छापलाच गेला नाही.

१९५० सालच्या लेखात त्यांनी यंत्र विचार करते काय हा प्रश्न बाजूला सारला आणि एक खेळ सुचवला. परीक्षकाने पडद्याआडच्या दोघांशी लिहून बोलावे. एक माणूस, एक यंत्र. कोण कोणता हे ओळखता येते का पाहावे. हीच ट्यूरिंग कसोटी. पण मला त्याच लेखातला पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. मोठ्या माणसाचे मन बनवण्यापेक्षा लहान मुलाचे बनवा आणि त्याला शिकवा, असे ते म्हणतात. चांगले केले तर बक्षीस, चुकले तर शिक्षा. अर्थात नेहमीच्या शाळेत पाठवता येणार नाही, इतर मुले त्याची थट्टा करतील! यंत्राच्या आत काय चालले आहे ते शिक्षकाला बरेचदा कळणार नाही, हेही त्यांनी ओळखले होते.

आजचा चॅटबॉट ज्या मॉडेलवर चालतो ते जवळपास असेच घडवतात. त्याला अफाट मजकूर वाचायला देतात. तो मजकूर म्हणजे डेटा. पुढचा शब्द कोणता याचा अंदाज बांधायला लावतात आणि चुकेल तसे आतले जोड किंचित किंचित बदलतात. हे झाले प्रशिक्षण. मग माणसे त्याची उत्तरे पारखतात आणि चांगल्या उत्तराकडे त्याला वळवतात. म्हणून ते सफाईने बोलते. पण सफाईदार बोलणे आणि खरे बोलणे एक नव्हे. मुलांनी त्याचे उत्तर वहीत उतरवण्याआधी पुस्तकात पडताळून पाहावे, असे मी वर्गात सांगतो.

कृत्रिम बुद्धिमत्ता हे नाव अमेरिकेत जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली एका प्रस्तावात वापरले. तेव्हा ट्यूरिंग हयात नव्हते. १९५२ साली पुरुषाशी संबंध ठेवल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला. तुरुंग की हार्मोनचे उपचार, एवढीच निवड होती. त्यांनी उपचार पत्करले. सरकारचे गुप्त कामही हातचे गेले. ७ जून १९५४ रोजी, ४१ व्या वर्षी, सायनाइडने त्यांचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्या ठरली. काही अभ्यासक अपघात मानतात. याच जातीचे कलम मॉरिशसच्या कायद्यातही होते. प्रौढांच्या संमतीच्या खाजगी संबंधांपुरते ते आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली घटनाबाह्य ठरवले.

ब्रिटिश पंतप्रधानांनी २००९ साली क्षमा मागितली आणि २०१३ साली राणीने त्यांना माफी दिली. अपराध कोणाचा आणि माफी कोणाला, हे ज्याचे त्याने ठरवावे. २३ जून २०२१ रोजी त्यांचे चित्र असलेली ५० पौंडांची नोट निघाली. तिच्यावर एक कागदी पट्टी छापली आहे आणि पट्टीवर शून्य व एक या दोनच अंकांत त्यांची जन्मतारीख लिहिली आहे.