सगळे म्हणाले पैसा बुडणार, तरी या माणसाने जपानमध्ये व्हिस्कीचा कारखाना काढलाच

२०१४ च्या नोव्हेंबरमध्ये स्कॉच व्हिस्कीच्या जगाला धक्का बसला. जिम मरे यांच्या 'व्हिस्की बायबल'ने जगातली सर्वोत्तम व्हिस्की म्हणून 'यामाझाकी शेरी कास्क २०१३' निवडली. १०० पैकी ९७.५ गुण. आणि ही व्हिस्की होती जपानची.

याची सुरुवात ज्याने केली, तो माणूस होता शिंजिरो तोरी.

१८७९ मध्ये ओसाकात जन्मलेला शिंजिरो १३ व्या वर्षी एका औषधाच्या व्यापाऱ्याकडे कामाला लागला. तिथे परदेशी दारूही विकली जायची. वास आणि चव ओळखायची सवय त्याला इथेच लागली.

१८९९ मध्ये त्याने स्वतःचं दुकान टाकलं आणि स्पॅनिश वाईन विकायला घेतली. पण जपानी लोकांना ती आंबट लागली. मग १९०७ मध्ये त्याने गोड 'अकादामा पोर्ट वाईन' आणली आणि ती तुफान चालली.

आता आरामात बसायचं, तर गड्याला व्हिस्कीचा नाद लागला. सगळ्यांनी विरोध केला. कारण साधं होतं. आज गाळलेली व्हिस्की विकायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, तोवर फक्त खर्च.

तोरी ऐकला नाही. १९२३ मध्ये क्योटोजवळ यामाझाकीत कारखान्याचं काम सुरू झालं. तीन नद्या तिथे एकत्र येतात, त्यामुळे हवा दमट आणि पाणी उत्तम. स्कॉटलंडमध्ये शिकून आलेल्या मासाताका ताकेत्सुरूला त्याने सोबत घेतलं.

१९२९ मध्ये पहिली व्हिस्की 'शिरोफुदा' बाजारात आली आणि आपटली. पीटच्या धुराचा वास लोकांना झेपला नाही. पैशाची चणचण एवढी की, तोरीला चालता टूथ पावडरचा धंदा विकावा लागला, नंतर बिअरचाही. १९३४ मध्ये ताकेत्सुरूही सोडून गेला. त्याने पुढे होक्काइदोत स्वतःचा कारखाना काढला, तीच आजची निक्का.

तोरीने मात्र पिंपं सोडली नाहीत. जपानी जिभेला रुचेल असं मिश्रण तो शोधत राहिला. १९३७ मध्ये चौकोनी बाटलीतली 'काकुबिन' आली आणि डाव पलटला. आठ वर्षांत पिंपांतला जुना माल मुरला होता, तोच कामी आला.

मग शेरी कास्क म्हणजे काय? तर स्पेनची शेरी वाईन ज्यात मुरते, त्या ओकच्या पिंपात ठेवलेली व्हिस्की. रंग गडद तांबूस होतो. नाकाशी नेली की मनुका, सुकं अंजीर, दालचिनीचा वास येतो. घोट घेतला की आधी गोडवा, मग जिभेवर लाकडाचा किंचित तुरटपणा रेंगाळतो. थोडं पाणी घातलं की वास आणखी खुलतो.

तोरी १९६२ मध्ये गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या कंपनीचं नाव 'सनटोरी' झालं. अकादामा म्हणजे लाल गोळा, म्हणजेच सूर्य. त्या सूर्याचा 'सन' आणि पुढे तोरीचं आडनाव.

जगातली सर्वोत्तम ठरलेली ती व्हिस्की त्याला चाखता आली नाही. पण ती निघाली त्याच कारखान्यातून, जो काढू नको असं सगळे त्याला सांगत होते.