कुलपं उघडणारी एलिझेबेथ

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत हिशेब बाजूलाच राहिला. गटातल्या एका काकूंना भाचीच्या नावाने मोबाइलवर मेसेज आला होता. फोटो भाचीचा, मावशी म्हणण्याची ढबही तिचीच. दवाखान्यात अडकलेय, आठ हजार पाठव, आत्ता फोन करू नकोस, अशा अर्थाचा. काकूंनी पाठवले. संध्याकाळी न राहवून फोन केला तर भाची घरी भाजी निवडत बसलेली! काकू रडल्या त्या पैशांपेक्षा घरी काय सांगू म्हणून. आणि आम्ही सगळ्याजणी म्हणत राहिलो की हे मोबाइल आले आणि फसवणुकीचे नवे नवे प्रकार निघाले.

नवे कसले? बरोबर हाच प्रकार ऐंशी वर्षांपूर्वी अमेरिकेत साध्या पत्रांतून झाला होता, आणि त्या पत्रांबद्दल सरकारने जिचा सल्ला घेतला ती बाई मला त्या दिवशी फार आठवली. तिचं नाव एलिझेबेथ फ्रीडमन. हो, एलिझाबेथ नव्हे, एलिझेबेथच. मुलीला कुणी एलायझा म्हणून हाक मारू नये म्हणून आईने मुद्दामच नावातलं एक अक्षर बदललं होतं म्हणे. एका अक्षराने काय फरक पडतो, हे तिच्या आयुष्यात जन्मापासूनच आलं!

१८९२ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात हंटिंग्टन गावी एका क्वेकर कुटुंबात तिचा जन्म झाला. घरात मुलांची भली मोठी रांग, त्यात ही शेंडेफळ. पोरीने कॉलेजात जाऊ नये असं वडिलांचं मत. तिने हट्ट धरला तेव्हा त्यांनी पैसे दिले, पण उसने, तेही सहा टक्के व्याजाने! पोटच्या मुलीला शिकायला व्याजाने पैसे देणारा बाप आपल्याकडेही सापडेल, पण हिने ते घेतले आणि १९१५ मध्ये इंग्रजी साहित्याची पदवी मिळवली. माझ्यासारख्या आर्ट्सवाल्यांना बरं वाटावं अशी ही गोष्ट आहे. गणित नाही, इंजिनीअरिंग नाही. कविता आणि नाटकं वाचणारी मुलगी.

काही दिवस शाळेत काम केलं, ते रमेना. १९१६ मध्ये ती शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात शेक्सपिअरची जुनी प्रत बघायला गेली. तिथे तिच्या आवडीनिवडी ऐकून ग्रंथपालबाईंनी जॉर्ज फॅबियन नावाच्या एका धनाढ्य, विक्षिप्त माणसाला फोन लावला. तो थेट मोटार घेऊन हजर झाला आणि तिला आपल्या रिव्हरबँक नावाच्या इस्टेटीवर घेऊन गेला. आज आपण आपल्या मुलीला असं जाऊ देणार नाही, हे सांगायला नकोच. शेक्सपिअरची नाटकं खरं तर फ्रान्सिस बेकनने लिहिली आणि छापील अक्षरांच्या बारीक फरकांत गुप्त मजकूर दडवला, असं मानणारी एक विदुषी तिथे होती. तिच्या हाताखाली ही कामाला लागली. थोड्याच दिवसांत हिच्या लक्षात आलं की बाईंना जे दिसतं ते कागदावर नाहीच. पण त्या नादात सांकेतिक लिपी म्हणजे काय, ती कशी बांधतात आणि कशी सोडवतात, हे तिच्या अंगात भिनलं. तिथेच रोपांच्या आनुवंशिकतेवर काम करणारा विल्यम फ्रीडमन भेटला. १९१७ मध्ये दोघांनी लग्न केलं.

त्याच वर्षी अमेरिका महायुद्धात उतरली. शत्रूचे संदेश उलगडणारी माणसं सरकारकडे जवळजवळ नव्हतीच. ती होती रिव्हरबँकमध्ये.

इथे एक गोष्ट मला टोचली ती सांगते. त्यांच्याकडे आलेल्या कामांत गदरवाल्यांचे, म्हणजे आपल्याच क्रांतिकारकांचे संदेशही होते. ज्या गदर पक्षाच्या उभारणीत आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, तोच हा पक्ष. जर्मनीच्या मदतीने हिंदुस्थान सोडवू पाहणाऱ्यांवर सॅन फ्रान्सिस्कोत खटला चालला आणि त्यात विल्यमने साक्ष दिली. संदेश लिहिले होते आकड्यांत: पुस्तकाचं पान, ओळ, शब्द. पुस्तक हीच किल्ली. पण पुस्तक म्हणजे दुकानात कुणालाही मिळणारी वस्तू. संदेशांवरून पुस्तक कसलं असेल याचा अंदाज बांधता येतो, आणि ते हाती आलं की सगळंच उघडं. आपण मोबाइलला आणि बँकेला पासवर्ड ठेवतो तो काय असतो? मुलाचं नाव आणि जन्मसाल. तेही दुकानात मांडलेलं पुस्तकच, कारण वाढदिवसाचे केकसकट फोटो आपणच सगळीकडे टाकलेले असतात.

सांकेतिक मजकूर किल्लीवाचून उलगडतो तरी कसा? आपल्या भाषेवरूनच बघा. मराठीत कितीतरी वाक्यं आहे वर संपतात. आता कुणी प्रत्येक अक्षराऐवजी एकेक खूण ठरवली, तरी वाक्याच्या शेवटी त्याच दोन खुणा पुन्हा पुन्हा येणार. झालं, दोन अक्षरं हाती आली. मग त्यांच्या शेजारची. विणकामातला एक टाका सुटला की कसं सरसर उसवत जातं, तसं. लिहिणारा अक्षरं बदलतो, सवयी बदलत नाही. पासवर्डमध्ये एका अक्षराच्या जागी तशाच दिसणाऱ्या चिन्हाची टिकली लावून आपण खूश होतो ना, त्याचं हेच होतं. ती युक्ती चोराला आपल्या आधीपासून माहीत असते.

१९२१ मध्ये नवराबायको वॉशिंग्टनला आले, दोघंही सरकारी कामावर. तिचा पगार त्याच्या साधारण निम्मा. मग बार्बरा झाली, आणि तिने नोकरी सोडून घरी राहायचं ठरवलं. पण १९२५ मध्ये तटरक्षक दलाचा माणूस दारात उभा! अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती. दारूचे तस्कर समुद्रातल्या बोटींशी बिनतारी यंत्रावर सांकेतिक भाषेत बोलत आणि सरकारकडे ते ढीगभर संदेश नुसते पडून होते. घरून करीन, या अटीवर ती तयार झाली. पहिल्या तीनेक वर्षांत तिने आणि एका मदतनीसाने मिळून सुमारे १२,००० संदेश सोडवले. बाराशे नव्हे, बारा हजार! १९३१ मध्ये तिच्या सांगण्यावरून तटरक्षक दलात स्वतंत्र विभाग निघाला आणि ती त्याची प्रमुख झाली. १९३३ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या कोर्टात मोठ्या तस्करांविरुद्ध तिची साक्ष झाली. आरोपींचे वकील म्हणत होते की हे सगळे बाईंचे तर्क. तिने कोर्टात फळा मागवला आणि मास्तरीण बनून उकल कशी होते ते सगळ्यांना शिकवलं. मुख्य आरोपींना शिक्षा झाली. पुढे कॅनडातल्या एका अफूच्या प्रकरणात तर तिने चिनी भाषेतले संदेश सोडवले, स्वतःला चिनी येत नसताना. वर्तमानपत्रांत फोटो आले, पण तिला ती प्रसिद्धी नकोशी व्हायची. ज्यांचे संदेश आपण वाचतो त्यांना ते छापून कशाला सांगायचं?

मग दुसरं महायुद्ध. हा तिच्या आयुष्यातला सर्वांत मोठा भाग, आणि तिने कधीच न सांगितलेला. दक्षिण अमेरिकेत नाझी हेरांचं जाळं पसरलं होतं. एनिग्मा हे जर्मनांचं सांकेतिक यंत्र न सुटणारं कुलूप म्हणून गाजलेलं. त्याच्या एका साध्या प्रकारावरचे संदेश तिच्या विभागाकडे येऊ लागले. पलीकडचे लोक एकाच किल्लीने संदेशामागून संदेश पाठवत राहिले. तिने आणि तिच्या माणसांनी ते एकाखाली एक मांडले, अक्षराखाली अक्षर. एकच संदेश असता तर काही हाती लागलं नसतं. एकाच किल्लीने बंद केलेले पुष्कळ सापडले, म्हणून कुलूप उघडलं. आमच्या गटात मी विचारलं, बँक, ईमेल, फेसबुक, गॅसचं बुकिंग, किती जणींचा पासवर्ड एकच आहे? बाराजणींपैकी नऊ हात वर. दहावा माझा.

१९४२ मध्ये ब्राझीलमध्ये हेरांची धरपकड झाली. अमेरिकेच्या एफबीआयला घाई होती. त्याचा परिणाम इतकाच की जर्मन सावध झाले आणि त्यांनी सगळ्या किल्ल्या बदलल्या. एलिझेबेथच्या विभागाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तिची चिडचिड मी समजू शकते. पण जर्मनांच्या बाजूने पाहिलं तर त्यांनी केलं ते अगदी शहाणपणाचं होतं. संशय आला की त्याच दिवशी किल्ली बदलायची. आपण मात्र फसलो तर लाजेने आठवडाभर गप्प बसतो. खरं तर पैसे गेल्याचं कळताच बँकेला कळवायचं आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. जितक्या लवकर, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

तर त्या विभागाने ती नवी कुलपंही सोडवली. युद्ध संपेपर्यंत नाझी हेरांचे सुमारे ४,००० संदेश तिच्या विभागाने वाचले. घरी काय चालू होतं? १९४१ च्या सुरुवातीलाच विल्यमला जपानी संदेशांच्या कामाच्या ताणाने नैराश्याने गाठलं आणि तो काही महिने इस्पितळात होता. ती नोकरी, मुलं आणि नवऱ्याचं दुखणं सांभाळत होती, आणि काय काम करते हे कुणाला सांगू शकत नव्हती. हेरांना पकडल्याचं श्रेय एफबीआयचे प्रमुख एडगर हूव्हर यांनी उघडपणे घेतलं. तिने शपथ घेतलेली, त्यामुळे तोंड बंद.

आता ती बाहुल्यांची पत्रं. १९४२ मध्ये अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सच्या पत्त्यावर गेलेली काही पत्रं पत्ता सापडत नाही म्हणून परत आली. पाठवणाऱ्या म्हणून अमेरिकेच्या वेगवेगळ्या गावच्या बायकांची नावं होती. त्या म्हणाल्या, सही आमच्यासारखीच आहे, पण हे पत्र आम्ही लिहिलेलंच नाही! पत्रांत सगळ्या बाहुल्यांच्याच गप्पा. बाहुली मोडली, दुरुस्तीला दिली, अमुक बाहुली फार सुंदर. बाहुल्या म्हणजे युद्धनौका आणि दुरुस्ती म्हणजे गोदीतलं काम. या सगळ्या बायका न्यू यॉर्कच्या एकाच दुकानाच्या गिऱ्हाईक होत्या. दुकानाची मालकीण व्हेल्व्हली डिकिन्सन जपानसाठी हेरगिरी करत होती आणि आपल्याच गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, सह्या वापरत होती. सरकारी वकिलांनी त्या पत्रांसाठी एलिझेबेथचा सल्ला घेतला. १९४४ मध्ये डिकिन्सनला दहा वर्षांची शिक्षा झाली.

काकूंच्या मेसेजमध्ये आणि या पत्रांत फरक सांगा बरं. नाव ओळखीचं, बोलणं ओळखीचं, लिहिणारा तिसराच. म्हणून आमच्या गटात आता ठरलंय, पैशाचा मेसेज कुणाचाही असो, आपल्याकडच्या जुन्या नंबरावर फोन करून आवाज ऐकायचा. फोन करू नकोस असं लिहिलं असेल तर आधी करायचा. आणि व्हॉट्सअॅपमध्ये सहा आकडी पिनची सोय असते, ती सगळ्यांनी एकत्र बसून चालू केली. चहा दोनदा झाला त्यात.

युद्धानंतर एलिझेबेथने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीसाठी संदेशांची सुरक्षित पद्धत तयार केली. आयुष्यभर कुलपं उघडली, आता बसवून दिली. मग नवराबायकोंनी जुना हिशेब चुकता केला. शेक्सपिअरच्या नाटकांत बेकनची गुप्त लिपी नाही, हे दाखवणारं पुस्तक त्यांनी १९५७ मध्ये काढलं. १९६९ मध्ये विल्यम गेला. ती १९८० मध्ये, ८८ व्या वर्षी. तिच्या युद्धकाळातल्या कामाचे कागद खुले व्हायला त्यानंतरही कितीतरी वर्षं गेली.

वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टनच्या दफनभूमीत विल्यमची कबर आहे. त्यावरचा दगड तिनेच बेतला. ज्ञान हीच शक्ती, या अर्थाचं एक इंग्रजी वाक्य त्यावर कोरलंय. येणारेजाणारे ते वाचून पुढे जात. २०१७ मध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं की काही अक्षरांना टोकाशी बारीक रेघ आहे आणि काहींना नाही. पाच-पाच अक्षरांचे गट पाडून बेकनच्याच पद्धतीने वाचलं, तर नवऱ्याच्या नावाची तीन आद्याक्षरं निघतात.