उकिरड्यावरची प्रयोगशाळा

मागे एका अनुदानित शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला आम्हाला पाहुणे म्हणून बोलावले होते. टेबलांवर पवनचक्क्या होत्या, थर्माकोलची सूर्यमाला होती. चौकशी केली तर निम्मी मॉडेल्स दुकानातून विकत आणलेली! वर्गात मोठा पडदा आहे, त्यावर प्रयोगांच्या फिती दाखवतात. प्रयोगशाळेला मात्र कुलूप, काचसामान फुटेल म्हणून. ज्यांच्या बापाला मॉडेल परवडत नाही ती आमच्या वस्तीतली मुले मागे टाळ्या वाजवायला बसवली होती. तेव्हा आम्हाला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आठवले.

वीणा गवाणकर यांच्या पुस्तकामुळे हे नाव मराठी घराघरांत गेले. पण पुष्कळांच्या लक्षात राहिला तो शेंगदाण्यापासून शेकडो वस्तू करणारा जादूगार. आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो त्यांच्यातला मास्तर.

१८६४ च्या सुमारास अमेरिकेतील मिसुरी राज्यात गुलाम आईच्या पोटी ते जन्मले. नक्की तारीख नाही. गुलामाच्या पोराची नोंद कोण ठेवणार? तान्हे असतानाच दरोडेखोरांनी त्यांना आईसह पळवले. आई पुन्हा दिसली नाही. मूल परत मिळाले ते एका घोड्याच्या बदल्यात! १८६५ साली राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी गेली, पण गावची शाळा गोऱ्यांचीच राहिली. आमच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. आठ-दहा मैलांवरच्या निओशो गावात काळ्या मुलांची शाळा होती. तिथे लोकांच्या घरची कामे करून ते शिकले. १८८५ साली कॅन्सासमधील हायलँडच्या कॉलेजने टपालाने प्रवेश दिला आणि रंग पाहताच दारातून परत पाठवले. अर्ज पास, माणूस नापास! शेवटी आयोवा राज्यातील एम्सच्या कृषी महाविद्यालयात ते पहिले काळे विद्यार्थी झाले, पुढे तिथले पहिले काळे अध्यापकही.

१८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून ते अलाबामातील टस्कीगी येथे काळ्यांच्या संस्थेत गेले. प्रयोगशाळेच्या नावाने तिथे काहीच नव्हते. कार्व्हर मुलांना घेऊन उकिरडे धुंडाळू लागले. फुटक्या बाटल्या नीट कापून त्यांची चंचुपात्रे केली. शाईच्या दौतीत वात घालून स्पिरिटचा दिवा झाला. स्वयंपाकघरातला जाड कप खल म्हणून आला. त्या भांड्यांत मुलांनी आपल्याच शेतातली माती तपासली. कापसाने त्या जमिनीचा कस पार काढून घेतला होता आणि खत विकत घेण्याची ऐपत कुणाची नव्हती. म्हणून दलदलीतला गाळ आणि जंगलातला पाला कुजवून खत करायचे, शेंगांची पिके घ्यायची, त्यांच्या मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र मिळते ते मुलांना उपटून दाखवायचे. फळ्यावर खडूने काढलेली गाठ आणि हातात धरलेली गाठ यांत किती फरक आहे, ते आमच्या शिक्षक मित्रांनी सांगावे.

जो शेतकरी शाळेत येऊ शकत नव्हता त्याच्या दारी शाळा गेली. १९०६ साली न्यूयॉर्कच्या मॉरिस जेसप यांच्या देणगीतून खेचरांची एक गाडी तयार झाली. तिच्यात नांगर, लोणी काढण्याचे यंत्र, दूध तपासण्याचे साधन असे. गावात थांबून सगळे चालवून दाखवायचे. १९१८ साली तिच्या जागी मोटार आली. याला आम्ही शैक्षणिक तंत्रज्ञान म्हणतो! १९१० साली त्यांनी खेड्यातल्या शाळांतील बागकामावर एक पुस्तिकाही काढली.

कार्व्हर यांची आरती ओवाळण्याचे मात्र कारण नाही. शोधांचे श्रेय ते देवाला देत. आम्हा बौद्धांना ते मान्य होणार नाही. वर्णभेदाविरुद्ध ते उघड लढले नाहीत. त्यांनी शेंगदाण्यावरची प्रसिद्ध पुस्तिका काढली १९१६ साली. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते ते १९१३ ते १९१६. पण १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले ते हक्कांसाठी झगडणाऱ्या ड्यू बॉइस यांना, हे विसरता येत नाही. मुलाच्या हाती परीक्षानळी द्यावी आणि ती मिळण्याचा हक्कही मागावा, असे आमचे मत आहे. ५ जानेवारी १९४३ रोजी कार्व्हर वारले. आयुष्यभराची शिल्लक त्यांनी टस्कीगीतच संशोधनासाठी ठेवली.

आता हक्काचे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक वर्गाला आवश्यकतेप्रमाणे अध्यापन साहित्य द्यावे असे आहे. आवश्यकता कुणी ठरवायची, यावर पळवाट काढली जाते. परंतु कलम २१ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात, आणि दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना त्यात प्रमाणशीर जागा आहे. वस्तीतल्या आयाबापांनी पुढच्या सभेत एवढेच विचारावे की या वर्षी प्रयोगशाळेचे कुलूप किती दिवस उघडले, आणि ते उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.