जेम्स डेव्हिड फोर्ब्स

जेम्स डेव्हिड फोर्ब्स (२० एप्रिल, इ.स. १८०९:एडिनबरा, स्कॉटलंड - ३१ डिसेंबर, इ.स. १८६८:क्लिफ्टन, इंग्लंड) हे स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ आणि हिमनद्यांचे अभ्यासक होते. हिमनदीतील बर्फ अतिशय घट्ट द्रवाप्रमाणे उताराच्या दिशेने वाहतो, हा सिद्धान्त त्यांनी प्रत्यक्ष मोजमापांच्या आधारे मांडला. उष्णतेचे वहन व प्रारण आणि भूकंपमापन या विषयांतही त्यांचे संशोधन महत्त्वाचे मानले जाते.

बालपण आणि शिक्षण

फोर्ब्स यांचे वडील सर विल्यम फोर्ब्स हे एडिनबरातील प्रतिष्ठित बँक व्यावसायिक होते. आई विल्यमिना बेल्शेस यांच्यावर तरुणपणी कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांचे प्रेम होते. जेम्स दोन वर्षांचे होण्यापूर्वीच आईचे निधन झाले. घरच्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले, परंतु त्यांचा खरा ओढा विज्ञानाकडे होता. विद्यार्थिदशेतच ते डेव्हिड ब्रूस्टर यांच्या नियतकालिकाकडे 'डेल्टा' या टोपणनावाने शास्त्रीय लेख पाठवू लागले. ब्रूस्टर यांनी या अनोळखी लेखकाला उत्तेजन दिले.

इ.स. १८३२ मध्ये फोर्ब्स लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, एडिनबरा विद्यापीठात नैसर्गिक तत्त्वज्ञानाचे, म्हणजे आजच्या भाषेत भौतिकशास्त्राचे, प्राध्यापक म्हणून त्यांची निवड झाली. या पदासाठी त्यांचे प्रतिस्पर्धी खुद्द ब्रूस्टर होते.

उष्णतेविषयीचे संशोधन

प्रकाशाप्रमाणेच उष्णतेच्या प्रारणाचेही ध्रुवण होते, हे फोर्ब्स यांनी प्रयोगांनी दाखवले. त्यासाठी इ.स. १८३८ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे रम्फर्ड पदक मिळाले. उष्णतेचे चांगले वाहक असलेले धातू विजेचेही चांगले वाहक असतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. जमिनीच्या वेगवेगळ्या खोलीवर तापमापक पुरून त्यांनी एडिनबरा येथे अनेक वर्षे नोंदी ठेवल्या. स्कॉटलंडमधील कॉम्री येथील भूकंपाच्या धक्क्यांच्या अभ्यासासाठी त्यांनी उलट्या लंबकावर आधारित उपकरण तयार केले.

जेम्स क्लार्क मॅक्सवेल हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी होत. मॅक्सवेल चौदा वर्षांचे असताना त्यांनी अंडाकृती वक्रांवर लिहिलेला निबंध इ.स. १८४६ मध्ये फोर्ब्स यांनीच एडिनबराच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला.

हिमनद्यांचा अभ्यास

इ.स. १८४१ च्या उन्हाळ्यात फोर्ब्स स्वित्झर्लंडमधील उंटरआर हिमनदीवर लुई आगासी यांच्या तळावर राहिले. त्याच मुक्कामात दोघांनी युंगफ्राऊ शिखर सर केले. हिमनद्या पुढे सरकतात हे तेव्हा माहीत होते. याच हिमनदीवर इ.स. १८२७ मध्ये बांधलेली एक झोपडी चौदा वर्षांत सुमारे १,४०० मीटर खाली गेली होती. प्रश्न होता तो या गतीच्या कारणाचा. ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांच्या मते बर्फाचा संपूर्ण गठ्ठा खडकाच्या तळावरून घसरत होता. झां द शार्पांतिए आणि आगासी यांच्या मते भेगांत झिरपलेले पाणी गोठून प्रसरण पावते आणि त्यामुळे बर्फ पुढे ढकलला जातो.

जून १८४२ मध्ये फोर्ब्स शामोनीजवळच्या मेर द ग्लास या हिमनदीवर गेले. ऑग्युस्त बाल्मा हे स्थानिक वाटाडे त्यांच्या सोबत होते. बर्फावर खुणा करून काठावरील स्थिर खडकांच्या संदर्भात त्यांची जागा थिओडोलाइटने मोजायची, अशी त्यांची पद्धत होती. पूर्वीचे अभ्यासक वर्षावर्षाच्या अंतराने मोजमाप घेत. फोर्ब्स यांनी ते दिवसाच्या, प्रसंगी काही तासांच्या, अंतराने घेतले. त्यांच्या नोंदींतून पुढील गोष्टी स्पष्ट झाल्या.

पहिली, गती अखंड होती. बर्फ दिवसा व रात्री सारखाच पुढे जात होता. त्यात धक्के किंवा थांबे नव्हते. दुसरी, हिमनदीचा मध्यभाग काठांपेक्षा अधिक वेगाने सरकत होता. तिसरी, उष्ण हवेत व पावसाळी दिवसांत वेग वाढत असे. पुढे बाल्मा यांनी हिवाळ्यात घेतलेल्या मोजमापांवरून असे दिसले की थंडीत वेग मंदावतो, पण गती थांबत नाही.

गोठण्याने होणारे प्रसरण हे कारण असते, तर दिवस व रात्र यांच्या वेगात मोठा फरक पडायला हवा होता. सबंध गठ्ठा घसरत असता, तर मध्यभाग व काठ यांचा वेग सारखाच असता. शिवाय ताकूल, लेशो आणि तालेफ्र या हिमनद्या एकत्र येऊन त्रेलापोर्त येथील अरुंद वाटेतून पुढे जातात. एवढ्या रुंद प्रवाहाला आपला आकार बदलल्याशिवाय तेथून जाता येणार नाही, हे फोर्ब्स यांनी दाखवून दिले. त्यावरून बर्फ हा अपूर्ण द्रव किंवा श्यान पदार्थ असून स्वतःच्या वजनाच्या दाबाने उतारावरून वाहतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. उतार एकदम तीव्र झाला की बर्फाला ताण सहन होत नाही व त्याला भेगा पडतात, हेही त्यांनी सांगितले. प्लास्टर आणि सरस यांचे मिश्रण उतरत्या पन्हळींतून वाहू देऊन त्यांनी प्रवाहाच्या प्रतिकृतीही तयार केल्या.

हे निष्कर्ष आणि मेर द ग्लासचा १:२५,००० या प्रमाणातील नकाशा त्यांनी इ.स. १८४३ मध्ये सव्हॉयच्या आल्प्सवरील ग्रंथात प्रसिद्ध केला. त्याच वर्षी त्यांचा ॲलिशिया वॉकोप यांच्याशी विवाह झाला. इ.स. १८५१ मध्ये त्यांनी नॉर्वेच्या हिमनद्यांचा प्रवास केला. त्यावरील ग्रंथ दोन वर्षांनी निघाला. या प्रवासानंतर ते गंभीर आजारी पडले आणि त्यांची प्रकृती पूर्ववत झाली नाही.

बोसाँ हिमनदीवरील भाकीत

ऑगस्ट १८२० मध्ये माँ ब्लाँ चढताना डॉक्टर हामेल यांच्या तुकडीतील तीन वाटाडे हिमलोटाबरोबर एका खोल भेगेत गाडले गेले. बर्फाच्या वेगाचा विचार करून त्यांचे अवशेष सुमारे चाळीस वर्षांनी बोसाँ हिमनदीच्या खालच्या टोकाशी बाहेर येतील, असा अंदाज फोर्ब्स यांनी वर्तवला होता. इ.स. १८६१ मध्ये ते खरोखरच तेथे सापडले. हिमनदीची गती मोजता येते आणि तिचे गणित करता येते, हे शामोनीच्या लोकांनी या घटनेत पाहिले.

वाद

फोर्ब्स यांच्या सिद्धान्तावरून दीर्घ व कटू वाद झाले. बर्फातील निळ्या-पांढऱ्या थरांचे निरीक्षण प्रथम कोणी केले, यावरून आगासी यांच्याशी त्यांचे संबंध तुटले. केंब्रिजचे गणितज्ञ विल्यम हॉपकिन्स यांनी खडबडीत दगडावर बर्फाचा ठोकळा ठेवून प्रयोग केले. तळ वितळत असेल तर अगदी सौम्य उतारावरही बर्फ संथपणे, एकसारख्या वेगाने घसरतो, असे त्यांना आढळले. म्हणून घसरणे हेच मुख्य कारण, असे त्यांचे मत होते.

सर्वांत तीव्र विरोध जॉन टिंडल यांनी केला. बर्फ ठिसूळ असून ताणल्यास तुटतो, तेव्हा त्याला श्यान म्हणता येणार नाही. तो दाबाखाली फुटतो आणि तुकडे पुन्हा गोठून जुळतात, असे टिंडल यांचे म्हणणे होते. सव्हॉयचे धर्मगुरू लुई रांदू यांनी हिमनदीची नदीशी केलेली तुलना आधीची असून फोर्ब्स यांनी तिचे पुरेसे श्रेय दिले नाही, असा आरोपही झाला. इ.स. १८५९ मध्ये कोप्ले पदकासाठी फोर्ब्स यांचे नाव पुढे आले होते, परंतु टिंडल व टॉमस हक्सली यांच्या विरोधामुळे ते पदक त्यांना मिळाले नाही. फोर्ब्स यांच्या निधनानंतर, इ.स. १८७३ मध्ये, त्यांचे चरित्र प्रसिद्ध होताच हा वाद पुन्हा पेटला. फोर्ब्स यांचे एडिनबरातील उत्तराधिकारी पीटर टेट आणि कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी त्यांची बाजू घेतली.

अखेरची वर्षे

इ.स. १८५९ मध्ये फोर्ब्स यांची सेंट अँड्र्यूज येथील युनायटेड कॉलेजच्या प्राचार्यपदी निवड झाली. त्यांच्या आधी या पदावर ब्रूस्टर होते. प्रकृती ढासळत असतानाही त्यांनी तेथे सुमारे आठ वर्षे काम पाहिले. ३१ डिसेंबर १८६८ रोजी क्लिफ्टन येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र जॉर्ज फोर्ब्स हे नामवंत विद्युत अभियंता झाले.

वारसा

विसाव्या शतकात या वादातील दोन्ही बाजूंचे म्हणणे अंशतः खरे ठरले. जॉन ग्लेन यांनी इ.स. १९५० च्या दशकात प्रयोगशाळेत बर्फावर भार देऊन पाहिला. बर्फ न फुटताही वाहतो, पण पाण्याप्रमाणे सरळ प्रमाणात नव्हे, असे त्यांना आढळले. ताण दुप्पट केला तर विरूपणाचा वेग साधारण आठपट होतो. जॉन नाय यांनी या नियमावरून हिमनदीच्या प्रवाहाचे गणित मांडले. खडबडीत तळाचा प्रश्न योहानेस वीर्टमन यांनी इ.स. १९५७ मध्ये हाती घेतला. लहान उंचवट्यांच्या वरच्या बाजूस दाबामुळे बर्फ वितळतो आणि पाणी मागच्या बाजूस पुन्हा गोठते. मोठ्या उंचवट्यांभोवती बर्फ स्वतः आकार बदलून वाहतो. मधल्या आकाराचे उंचवटे या दोन्ही मार्गांना दाद देत नाहीत, म्हणून घसरण्याचा वेग तेच ठरवतात. अशा रीतीने हॉपकिन्स यांचे घसरणे, टिंडल यांचे पुन्हा गोठणे आणि फोर्ब्स यांचे वाहणे एकाच सिद्धान्तात सामावले गेले.

हिमप्रपाताच्या खाली बर्फावर दिसणाऱ्या कमानदार पट्ट्यांना 'फोर्ब्स पट्टे' असे नाव आहे. माँ ब्लाँ परिसरातील एग्वी द्यु शार्दोने या शिखराची एक धारही त्यांच्या नावाने ओळखली जाते.