खलाशांची आई : अ‍ॅग्नेस वेस्टनबाई

समुद्रावर चाकरीस गेलेल्या मुलाचे जहाज बंदरास लागले, असे कळले म्हणजे घरच्या माणसांचा जीव खाली पडतो. वादळ मागे राहिले, आता भय नाही, असे त्यांस वाटते. आमच्या कोकणपट्टीतील ज्या वाचकांची मुले बोटीवर गेली आहेत, त्यांस हे सांगावयास नको. परंतु पुष्कळ दिवसांचा पगार खिशात घालून परक्या गावी उतरलेल्या तरुणाची खरी परीक्षा कित्येकदा धक्क्यावरच होते. त्या धक्क्यावर जाऊन उभी राहिलेली एक बाई इंग्लंडात होऊन गेली.

अ‍ॅग्नेस वेस्टन यांचा जन्म लंडन शहरी 1840 साली झाला. वडील बॅरिस्टर होते. पुढे हे कुटुंब बाथ नावाच्या गावी राहावयास गेले. तेथे या तरुण बाईने इस्पितळातील रोग्यांस भेटण्याचे काम पत्करले, व नंतर त्या गावी कवाइतीसाठी जमणाऱ्या शिपायांकडे तिचे लक्ष गेले. तोपर्यंत खलाशी म्हणजे काय, हे तिला फारसे ठाऊकही नव्हते.

1868 साली तिच्या ओळखीचा एक शिपाई हिंदुस्थानाकडे निघालेल्या पलटणीबरोबर क्रोकोडाइल नावाच्या जहाजावर चढला. बाईंनी त्यास एक पत्र पाठविले. त्याने ते जहाजावरील एका खलाशास दाखविले. या खलाशाकडे आजाऱ्यांच्या शुश्रूषेचे काम असे. आपणासही कोणी असे पत्र लिहील तर किती बरे होईल, असे त्याच्या मनात आले. हे बाईंच्या कानी गेले, आणि त्यांनी त्या अनोळखी मनुष्यास लिहिले. त्याने ही गोष्ट सोबत्यांस सांगितली. एकाची दोन, दोहोंची वीस अशी पत्रे वाढत गेली. हाताने लिहिणे अशक्य झाले, तेव्हा बाई दर महिन्यास एक पत्र छापून पाठवू लागल्या. त्याचे वेष्टन निळे असे, म्हणून खलाशांनी त्यास लाडके नावही निळ्या रंगावरूनच दिले. पुढे ही पत्रे हजारोंनी जाऊ लागली. ज्याला घरून कागदाचा चिटोराही येत नाही, त्याच्या हाती दूर समुद्रात असे पत्र पडल्यावर त्यास काय वाटत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

पत्रे लिहिता लिहिता त्यांस खलाशांस प्रत्यक्ष भेटण्याची इच्छा झाली, व 1873 च्या सुमारास त्या डेव्हनपोर्ट येथे आल्या. हे बंदर इंग्लंडाच्या नैर्ऋत्येस असून तेथे आरमाराची मोठी गोदी आहे. तेथे सोफिया विंट्झ नावाच्या मूळच्या स्वित्झर्लंडच्या बाई त्यांस जन्माच्या सोबतीण मिळाल्या. जहाजांवर काम शिकणारी कोवळी मुले रविवारी विंट्झबाईंच्या घरी येत, आणि स्वयंपाकघरात चहा, गप्पा व प्रार्थना चाले. मोठ्या कामाचा आरंभ चुलीजवळ झाला, ही गोष्ट आम्हांस विशेष गोड वाटते.

त्या काळी जहाज तीन-चार वर्षे परमुलखी राहून परत येई, आणि साचलेला पगार खलाशाच्या हाती एकदम पडे. गोदीच्या दरवाजाबाहेर दारूचे गुत्ते मांडलेलेच असत. दिवा, शेकोटी व गाणे तेथेच. निजावयास जागाही बहुधा तेथेच. ज्याचे घर दूर त्याने दुसरीकडे जावे तरी कोठे? म्हणून थोड्याच दिवसांत खिसा रिकामा होई. खलाशी व्यसनीच असावयाचा, असे म्हणून प्रतिष्ठित लोक मोकळे होत. वेस्टनबाईंनी मात्र गोदीच्या दरवाजापासून किती पावलांवर काय आहे, याचा विचार केला. हाच विचार खलाशांच्याही मनात होता. ड्रायड नावाच्या जहाजावरील काही खलाशी त्यांजकडे आले, आणि दारू नसलेले, पण गुत्त्यासारखेच जवळ व मोकळे असे घर आम्हांस उघडून द्या, अशी विनंती त्यांनी केली.

बाईंजवळ स्वतःचे मोठे द्रव्य नव्हते. त्यांनी गावोगाव फिरून ही गरज लोकांपुढे मांडली, आणि 1876 च्या मे महिन्यात गोदीच्या दरवाजासमोरच पहिले खलाशी विश्रामगृह उघडले. जेवणखाण, वाचनाची खोली व स्वच्छ बिछाना ही तेथील मुख्य सोय होती. निजण्याच्या लहान लहान खोल्यांस जहाजाप्रमाणे केबिन म्हणत, व देणगी देणाऱ्याचे नाव दारावर लावीत. व्हिक्टोरिया राणीनेही एका केबिनीस द्रव्य दिले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हा धर्मादाय मठ नव्हता. खलाशी आपल्या बिछान्याचे व जेवणाचे पैसे मोजून देई, आणि ताठ मानेने जिना चढे. प्रार्थना रोज होत, पण त्यास बसलेच पाहिजे अशी सक्ती नसे. आमच्या मते विश्रामगृह भरत गेले त्याचे रहस्य यातच आहे. 1881 साली पोर्ट्समथ बंदरीही असे घर उघडले, आणि 1892 साली राणीने या संस्थेस रॉयल ही पदवी दिली.

आरमारात त्या वेळी खलाशास रोज सरकारातूनच रम मिळे. बाई जहाजांवर जाऊन मद्यत्यागाविषयी बोलत व शपथेवर सह्या घेत. सरकारी रम कायमची बंद होण्यास मात्र 1970 साल उजाडावे लागले.

1893 च्या जून महिन्यात भूमध्य समुद्रात कवाइतीच्या वेळी दोन लढाऊ जहाजांची टक्कर होऊन व्हिक्टोरिया हे जहाज बुडाले, व 358 माणसे गेली. पोर्ट्समथच्या गल्ल्यांतून आकांत उसळला. वेस्टनबाई व विंट्झबाई यांनी त्या विधवांस व पोरक्या मुलांस जवळ केले. खलाशांच्या बायकांसाठी सभा भरविणे हे त्यांचे काम पूर्वीपासून चालूच होते, म्हणून दुःखाच्या दिवशी त्या परक्या म्हणून कोणाच्या घरी गेल्या नाहीत.

1918 साली बादशहांनी वेस्टनबाईंस डेम हा बहुमान दिला. त्याच वर्षी 23 ऑक्टोबर रोजी, महायुद्ध संपण्यास तीनच आठवडे राहिले असता, डेव्हनपोर्ट येथे त्यांचा अंत झाला. आरमाराने आपल्या अधिकाऱ्यास द्यावा तसा पूर्ण लष्करी मान त्यांच्या प्रेतयात्रेस दिला. त्यापूर्वी तो कोणा स्त्रीस मिळाला नव्हता. विंट्झबाईंनी पुढे 1929 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, काम चालविले. डेव्हनपोर्टची ती इमारत 1941 साली बॉंबवर्षावात नष्ट झाली. संस्था टिकली, आणि खलाशांच्या तोंडी तिचे नाव पुढेही बाईंच्याच घरगुती नावाने, अ‍ॅगी म्हणूनच राहिले.