डॉ. सलीम अली : एका चिमणीच्या प्रश्नातून घडलेला पक्षितज्ज्ञ

फेब्रुवारी संपत आला की शिरवळजवळच्या वीर धरणावर परतीची गडबड सुरू होते. थंडीभर नीरेच्या पाण्यावर मुक्काम ठोकलेले पट्टकादंब हिमालय ओलांडून तिबेट, मंगोलियाकडे निघायच्या तयारीला लागतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा पक्षी लगेच ओळखू येतो. ज्वारीच्या शेतांवर थव्याने उतरणाऱ्या भोरड्या आता पळस आणि पांगाऱ्याच्या फुलांवर दिसतात. काही दिवसांत त्याही मध्य आशियाची वाट धरतात.

अशा वेळी धरणाच्या काठावर पोरं बरोबर असली की एक प्रश्न हमखास येतो : हे पक्षी जातात कुठे, आणि ते आपल्याला कळलं कसं? याचं उत्तर द्यायचं तर आम्हाला मुंबईच्या एका मुस्लिम घरातल्या पोरक्या मुलाची गोष्ट सांगावी लागते.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतल्या सुलेमानी बोहरा कुटुंबातला. भावंडांत सगळ्यांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी खेतवाडीतल्या घरात या भाच्यांना वाढवलं.

मामांनी सलीमला छर्‍याची बंदूक घेऊन दिली होती. चिमण्या मारायच्या, हलाल करून शिजवायच्या, हा त्या काळातल्या पोरांचा खेळ. दहा-बारा वर्षांचे असताना एकदा त्यांनी पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नाही, मग ही खाणं आपल्याला चालतं का, असा प्रश्न मुलाला पडला. तो पक्षी घेऊन मामांकडे गेला. मामांना पक्षी ओळखता आला नाही. पण त्यांनी मुलाला उडवून लावलं नाही. चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं.

तिथले सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्षी हातात घेतला, ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचं सांगितलं आणि संस्थेतले भुसा भरून ठेवलेले पक्षी एकेक करून दाखवले. वाचायला पुस्तकं दिली. एका इंग्रज साहेबाने शाळकरी पोरासाठी एवढा वेळ काढला, आणि पोराचं आयुष्यच बदललं.

पुढची वाट मात्र सोपी नव्हती. लहानपणी डोकेदुखीने शाळा बुडायची. १९१३ मध्ये मॅट्रिक कशीबशी पार पडली. कॉलेज अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात तावोयला घरच्यांच्या खाणीच्या धंद्यात गेले. धंद्यापेक्षा लक्ष जंगलातल्या पाखरांवर जास्त. परत आल्यावर व्यापाराचं शिक्षण आणि प्राणिशास्त्र दोन्ही शिकले, पण विद्यापीठाची पदवी हाती लागली नाही. ती नव्हती म्हणून सरकारी प्राणिसर्वेक्षण संस्थेतली पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड लेक्चररची नोकरी मिळाली. तिथून अभ्यासरजा घेऊन बर्लिनला प्रा. एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकायला गेले. १९३० मध्ये परतले तर ती जागाच रद्द झालेली.

हाताला काम नाही, म्हणून बिऱ्हाड अलिबागजवळ किहीमला हलवलं. तेव्हा पत्नी तहमिना बेगम खंबीरपणे सोबत राहिल्या. घराजवळ सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबत होती. सलीम अली रोज तासन्‌तास बसून ती पाहू लागले आणि टिपू लागले. नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच राहते; मग नर ते पुरं करून दुसऱ्या घरट्याला लागतो, हे त्यांनी नीट मांडलं. बेकारीच्या त्या दिवसांत झालेल्या या अभ्यासानेच त्यांचं नाव झालं.

मग हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा संस्थानांतल्या पक्ष्यांच्या पाहण्या झाल्या. पगार घ्यायचा नाही, फक्त खर्च घ्यायचा, असा त्यांचा शिरस्ता. बैलगाडी, तंबू, रानावनातला मुक्काम. आणि तहमिना बेगम बरोबर. १९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचं निधन झालं. सलीम अली कोलमडले, पण वही बंद केली नाही. बहिणीच्या घरी राहून काम चालू ठेवलं. १९४१ मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आलं आणि सामान्य माणसाच्या हातात पाखरं ओळखायची किल्ली आली. पुढे डिलन रिप्ली यांच्यासोबत भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ झाला.

आता पोरांच्या प्रश्नाचं उत्तर. पक्षी जाळ्यात अलगद पकडायचा, पायात नंबर आणि मुंबईचा पत्ता असलेली हलकी कडी घालायची, सोडून द्यायचा. दूर देशी तो कुणाला सापडला की पत्र यायचं. सलीम अलींच्या पुढाकाराने सोसायटीने भरतपूरसारख्या ठिकाणी हजारो पक्ष्यांना अशा कड्या घातल्या. त्यातूनच पाखरांच्या वाटा उलगडत गेल्या.

१९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभा, असे मान मिळाले. गेटी पुरस्काराची मोठी रक्कम त्यांनी निसर्गसंवर्धनाच्या निधीला दिली. भरतपूर आणि केरळची सायलेंट व्हॅली वाचवण्यासाठी ते झटले. आत्मचरित्राच्या नावातही ती चिमणी आहे. २० जून १९८७ रोजी वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचं मुंबईत निधन झालं.

आपल्या घरात पोरगं अभ्यास सोडून पाखरं बघत बसलं की आपण ओरडतो. आम्हीही ओरडलो आहोत. अभ्यास हवाच, त्यात वाद नाही. पण अमीरुद्दीन मामांना उत्तर येत नव्हतं, तरी त्यांनी ज्याला येतं त्याच्याकडे मुलाला पाठवलं. एवढं आपल्यालाही जमण्यासारखं आहे.

येत्या रविवारी पोरांना घेऊन वीरच्या काठावर जा. पाखरांपासून लांब बसा, गोंगाट नको. एक साधी वही द्या. तारीख, जागा, काय दिसलं, किती दिसले, एवढंच लिहायला सांगा. पट्टकादंब शेवटचे कधी दिसले, याची नोंद शिरवळच्या एखाद्या घरातल्या वहीत असली, तर सलीम अलींचं काम थोडं पुढे गेलं असं आम्ही समजू.