ए.पी. कार्टर

आल्विन प्लेझंट डिलेनी कार्टर (१५ डिसेंबर, १८९१ – ७ नोव्हेंबर, १९६०) हे अमेरिकन लोकगीत-संकलक व गायक होते. पत्नी सारा (गायन व ऑटोहार्प) आणि धाकट्या भावाची पत्नी मेबेल (गिटार) यांच्यासह त्यांनी स्थापन केलेला 'कार्टर फॅमिली' हा गायकसंच कंट्री संगीतातील आद्य कुटुंब मानला जातो.

कार्टर यांचा जन्म व्हर्जिनिया राज्याच्या डोंगराळ स्कॉट काउंटीत झाला. त्यांच्या हातांना कायम कंप असे. तरुणपणी ते फळझाडांची रोपे विकत हिंडत. १९१५ साली त्यांचा सारा डॉहर्टी यांच्याशी विवाह झाला. ऑगस्ट १९२७मध्ये व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीर यांनी ब्रिस्टल येथे स्थानिक कलावंतांचे ध्वनिमुद्रण केले. तेथे या तिघांची सहा गाणी दोन दिवसांत मुद्रित झाली. मेबेल त्या वेळी गरोदर होत्या.

गीतसंकलन

कंपनीला सतत नवी गाणी हवी असत. ती मिळवण्यासाठी कार्टर अ‍ॅपलेशियन डोंगररांगांतील घरोघरी फिरले. किंग्सपोर्टचे कृष्णवर्णीय गिटारवादक लेस्ली रिडल अनेकदा त्यांच्यासोबत असत. वर्णभेदाच्या त्या काळात ही सोबत असाधारणच होती. कार्टर शब्द टिपून घेत आणि रिडल चाल स्मरणात साठवत. स्वामित्वहक्क मात्र कार्टर यांच्या नावावर नोंदवले जात. 'कीप ऑन द सनी साइड' या त्यांच्या सर्वांत परिचित गाण्याचे शब्दही मूळचे एडा ब्लेंकहॉर्न यांचे, १८९९ सालचे आहेत. त्यामुळे कार्टर यांना या गीतांचे कर्ते म्हणण्यापेक्षा जतनकर्ते म्हणणे अधिक योग्य ठरते. रिडल यांचा वाटा दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला.

उत्तरायुष्य

गाण्यांच्या शोधातील या भटकंतीत संसाराकडे दुर्लक्ष झाले. १९३६ साली घटस्फोट झाला आणि १९३९मध्ये सारा यांनी कार्टर यांचेच चुलतभाऊ कॉय बेझ यांच्याशी विवाह केला. तरीही तिघे एकत्र गात राहिले; मेक्सिकोच्या सीमेवरील शक्तिशाली 'एक्सईआरए' नभोवाणी केंद्रामुळे त्यांचा आवाज दूरवर पोहोचला. संच विसर्जित झाल्यावर कार्टर यांनी गावी परतून किराणा दुकान चालवले. त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, १९७० साली, कार्टर फॅमिलीला कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. कन्या जॅनेट यांनी १९७४पासून त्याच दुकानात गाण्यांचे कार्यक्रम सुरू केले. पुढे या कुटुंबावर डग्लस पोट यांनी 'कीप ऑन द सनी साइड' याच नावाचे संगीतनाटक लिहिले. ते व्हर्जिनियातील अ‍ॅबिंग्डनच्या बार्टर थिएटरने रंगमंचावर आणले.